नमुना शंभरावर थांबवा

पद्मनाभ : या बाई जरा बाहेर बसल्या तर बरं होईल. मॅटर थोडं टेक्निकल आहे, अनुसूया.

अनुसूया : भागुबाई इथंच बसतील, सर. हे कामगार संघटनेचं ऑफिस आहे आणि त्या संघटनेच्या सभासद आहेत. इथं बाहेरचे असलात तर तुम्हीच.

पद्मनाभ : ठीक आहे. तू काल पाठवलेला रिपोर्ट सकाळपासून वाचतोय. कामगार अधिकाऱ्यांपुढच्या उद्याच्या सुनावणीत तू हा खरंच मांडणार आहेस?

अनुसूया : मांडणार की. आणि आता 'तू' नको. तुमच्याकडं नोकरीला होते तेव्हा ठीक होतं. तुम्ही मला काढून तीन वर्षं झाली.

पद्मनाभ : बरं. तुम्ही. तुम्हाला कळतंय ना, याने माझी फर्म बंद पडेल.

भागुबाई : अनसू, हे कोन म्हनायचे?

अनुसूया : पद्मनाभ सर, अक्का. मूळचे पुण्याचे. सर्व्हे करून द्यायची यांची फर्म आहे. तुमची फॅक्टरी बेंगळुरूतल्या या पीण्या भागातून उचलून तुमकूर रस्त्याला पन्नास किलोमीटरवर न्यायची म्हणतात ना, तर बायका तिकडं यायला तयार आहेत का, ते यांनी तुमच्या कंपनीसाठी शोधून काढलं. चारशे जणींना विचारलं. शंभरातल्या त्रेपन्न 'हो' म्हणाल्या. मग लिहून दिलं, बहुसंख्य कामगार तयार आहेत.

भागुबाई : त्रेपन्न? आमच्या लाइनीत चाळीस बाया हाईत. त्यात तिघीबी न्हाईत तयार.

पद्मनाभ : बाई, एका लाइनीवरून सहा हजार लोकांचं सांगता येत नाही. त्याचं एक शास्त्र असतं.

अनुसूया : असतं. सांगू का अक्कांना? शर्टाचा लॉट तपासायला चेकर काय करतो, अक्का? सगळे उघडतो का?

भागुबाई : सगळे कधी उघडायचे? थोडे काढतो. त्यात खराब किती निघाले ते बघतो आन् सगळ्या लॉटचं ठरवतो.

अनुसूया : तसंच हे. पण थोड्यांवरून सगळ्यांचं बोलायचं तर आकड्याला मागं-पुढं जागा सोडावी लागते. शंभर काढले तर दहा इकडं, दहा तिकडं. चारशे काढले तर पाच. म्हणजे यांचे त्रेपन्न हे खरं तर अठ्ठेचाळीस ते अठ्ठावन्न. त्यात कुठंही असतील. अठ्ठेचाळीस असले तर 'बहुसंख्य' कुठं राहिलं? बरोबर ना, सर?

पद्मनाभ : रिपोर्टमध्ये मार्जिन दिलंय मी. पान एकतीस.

अनुसूया : तळटिपेत. आणि 'बहुसंख्य' पहिल्या पानावर, ठळक अक्षरात.

भागुबाई : पर त्यो चेकर शर्ट कुठल्या पेटीतनं काढतो ते बगावं लागतं की. आमचा सुपरवायझर चांगले शर्ट वरच्या पेटीत ठेवायचा. वरचीच पेटी उघडली तर लॉट नेहमी पास.

अनुसूया : ऐकलंत, सर? सातवी शिकल्यात त्या. तुमची चारशे नावं कुठल्या यादीतून आली?

पद्मनाभ : क्लायंटने दिलेल्या.

अनुसूया : कंपनीच्या बसनं येणाऱ्या बायकांच्या यादीतून. त्या सगळ्या नेलमंगलच्या बाजूनं येतात, त्यांना नवी जागा उलट जवळ. ज्या चालत येतात, ज्यांची घरं इथं मागच्या गल्लीत आहेत, पोरं इथल्या शाळेत आहेत, त्यांतली एकही तुमच्या चारशेत नाही. वरची पेटी उघडलीत तुम्ही. तिथं मागं-पुढं पाच सोडून काही उपयोग नाही.

पद्मनाभ : हे सगळं तुम्ही मला मेलवर लिहू शकला असतात. प्रोफेशनली. तुम्ही वेगळा सर्व्हेच करून टाकलात. हे पर्सनल आहे, अनुसूया.

अनुसूया : आहेच पर्सनल. मी कुठं नाही म्हटलं?

भागुबाई : म्हंजे तुला कामावरनं काढलं ते हेच व्हय?

अनुसूया : हेच. अक्का, तुम्हाला आठवतं, मी तुमच्याकडं फॉर्म घेऊन आले होते? संडासच्या टोकनचा.

भागुबाई : न आठवायला काय झालं. चाळीस बायांत एक टोकन. कुनाच्या हातात असंल तर वाट बगायची, न्हाईतर सुपरवायझरचं तोंड. तू विचारलंस, लागंल तवा जाता येतं का? मी म्हनलं, न्हाई बाई. सकाळी एक गिलास पानी प्यायचं, मग घरी गेल्यावरच.

अनुसूया : तशा सत्तावन्न जणी 'नाही' म्हणाल्या. शंभरात सत्तावन्न. मी लिहिलं, बहुसंख्य. कंपनीचे सगळे साहेब बसले होते त्या मीटिंगला, आणि सर उठून काय म्हणाले? त्यांचंच वाक्य सांगते. "सत्तेचाळीस ते सदुसष्ट. पट्टा पन्नासच्या खाली जातो, त्यामुळे यातून काहीही सिद्ध होत नाही. आमची मुलगी जरा भावनेच्या भरात लिहून गेली." सगळे हसले. रिपोर्ट फायलीत गेला, आणि मी घरी.

पद्मनाभ : एक मिनिट. त्या दिवशी मी चुकीचं काय बोललो? गणित बघा. शंभरच्या सॅम्पलवर मेजॉरिटी म्हणता येत नव्हती. तुम्ही आज माझी जी चूक काढताय, तीच तेव्हा तुम्ही केली होती.

अनुसूया : केली होती. गणित तुमचंच बरोबर होतं. ते मला त्याच दिवशी घरी गेल्यावर कळलं, आणि मी गप्प बसले. दुसरीकडं काम मागायला गेले तर तिथं आधीच तुमचा फोन पोचलेला, ही फॉर्म घरी बसून स्वतःच भरते म्हणून. तरी गप्प बसले. व्हाइटफील्डला एका ऑफिसात वर्षभर पत्ते टाइप केले. चूक माझी होती असं धरून चालले मी, सर. गेल्या दिवाळीपर्यंत.

पद्मनाभ : दिवाळीत काय झालं?

अनुसूया : तुमच्या ऑफिसातल्या मुग्धानं नोकरी सोडली. जाताना तिनं मला तुमची एक मेल दिली. त्या सर्व्हेच्या आधीची. आपलं चारशेचं ठरलं होतं ना? मी फील्डवर उन्हात फिरत होते आणि तुम्ही मध्येच म्हणालात, बजेट नाही, शंभर बास.

पद्मनाभ : बजेट नव्हतंच.

अनुसूया : कंपनीच्या मॅनेजरला तुम्ही लिहिलंत, "नमुना शंभरावर थांबवतो, म्हणजे कुठलाच आकडा ठाम उभा राहणार नाही."

भागुबाई : मला कळंना.

अनुसूया : अक्का, चारशे जणींना विचारलं असतं आणि तेवढ्याच 'नाही' म्हणाल्या असत्या, तर पट्टा बावन्न ते बासष्ट आला असता. पन्नासच्या वर. मग कुणाला हसता आलं नसतं. यांना ते आधीच माहीत होतं. तुमचं ऐकून घ्यायचं नव्हतं म्हणून यांनी विचारणंच कमी केलं.

भागुबाई : मुद्दाम?

अनुसूया : मुद्दाम.

पद्मनाभ : क्लायंटचं प्रेशर होतं. अकरा माणसांचे पगार असतात माझ्याकडे. तुम्ही एक फर्म चालवून बघा.

भागुबाई : सायब, त्या वर्सानंतर माझी एक किडनी गेली. डॉक्टर म्हनला, पानी न पिऊन पिऊन. मी म्हनलं, माझंच चुकलं, प्यायला पायजे हुतं.

पद्मनाभ : मला... बाई, मला हे माहीत नव्हतं.

अनुसूया : कळू नये अशीच सोय केली होती तुम्ही.

पद्मनाभ : ठीक आहे. ऐका. तुमच्या नव्या सर्व्हेतही पाच टक्के चान्स आहे की तुमचा पट्टा चुकला असेल. उद्या मी तेच विचारणार. तुम्हाला पंच्याण्णव टक्के खात्रीच्या वर जाता येणार नाही.

अनुसूया : विचारा. मी 'हो' म्हणेन. शंभर वेळा असा सर्व्हे केला तर पाचएक वेळा पट्टा हुकतो. पण सहा हजार दोनशेंच्या हजेरीपटातून सहाशे नावं चिठ्ठ्या टाकून काढलीत, कंपनीचा माणूस समोर बसवून. अडतीस टक्के तयार. चौतीस ते बेचाळीस. तुमचा पट्टा अठ्ठेचाळीसला सुरू होतो. दोघांची कुठंच गाठ पडत नाही, सर. ते का, एवढंच अधिकारी तुम्हाला विचारतील. मग मी बसची यादी पुढं ठेवीन. मग मेल.

पद्मनाभ : मी रिपोर्ट परत घेतो. आज, आत्ता. कंपनीला कळवतो, सॅम्पलिंगमध्ये एरर सापडला. उद्या सुनावणीत माझा रिपोर्टच नसेल. तुमच्या बायका जिंकल्या. ती मेल तेवढी बाहेर नको.

भागुबाई : अनसू, कागद मागं घेतो म्हनतोय तर घेऊ दे की. आमचं काम हुतंय.

अनुसूया : तुमचं होतंय, अक्का. माझं नाही. सर, कागद घ्या. रिपोर्ट परत घेतो असं लिहा आणि कारण लिहा, यादी वरच्या पेटीची होती म्हणून. त्याखाली तीन वर्षांपूर्वीचं लिहा. नमुना का कमी केला ते. अनुसूयानं एकही फॉर्म खोटा भरला नव्हता ते. नाव-तारीख घालून सही.

पद्मनाभ : हे लिहिलं तर मला बेंगळुरूत कोणी काम देणार नाही.

अनुसूया : माहीत आहे. तसं राहता येतं. मी राहिले.

पद्मनाभ : माझी मुलगी यंदा बारावीला आहे.

अनुसूया : माझी आई आजारी होती. मी कुणाला सांगायला गेले नाही.

पद्मनाभ : भागुबाई, तुम्ही तरी समजवा यांना. तुम्ही मोठ्या आहात.

भागुबाई : मी मगाशी म्हनलं की, जाऊ दे म्हनून. पर ते आदी म्हनलं, किडनीचं सांगायच्या आदी. आता न्हाई म्हनत. तुमी लिवा. स्वल्प मोठ्या अक्षरात लिवा, मला वाचायला यावं.

पद्मनाभ : पेन आहे?

अनुसूया : घ्या.

(पद्मनाभांनी दोन पानं लिहिली. एकदा खोडलं, तेव्हा अनुसूयानं नवा कागद पुढं सरकवला. भागुबाईंनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली, मगच सही झाली. ते जिना उतरून गेले. अनुसूयानं दोन्ही पानं फायलीत लावली.)

भागुबाई : सहीच्या आदी चष्मा दोनदा पुसला त्येंनी.

अनुसूया : बघितलं मी.

भागुबाई : खाली रिक्शात बसून रडला बी असंल.

अनुसूया : असेल.

भागुबाई : खरं सांग, बाळा. बरं वाटलं?

अनुसूया : वाटलं, अक्का. खोटं कशाला बोलू. खूप बरं वाटलं.

भागुबाई : मग सांगते. मलाबी वाटलं.