पट्ट्याचं काम

उस्ताद : तो नको, ताई. देखणा आहे, कबूल. पण त्याला घड्याळ अडकवा, कॅमेरा नको.

मुलगी : अहो, खरं चामडं आहे! दुकानातल्या सगळ्यात सुंदर पट्ट्याला तुम्हीच नावं ठेवताय?

उस्ताद : दुकान माझं, नावं मी नाही ठेवणार तर कोण? हा कॅमेरा हातात घ्या बरं. सगळा धातू, प्लास्टिक औषधालाही सापडणार नाही. लेन्ससकट किलोभर भरतो. एवढं वजन बोटभर पट्ट्यावर लटकवलंत की तासाभरात मान कापायला लागते. मग माणूस पट्टा गळ्यातून काढून मनगटाला गुंडाळतो, आणि मग पडतो.

बाबा : माणूस?

उस्ताद : कॅमेरा, साहेब. माणसाचं काय, खरचटलं तर भरून येतं.

बाबा : तुम्ही हिच्या मापाचा बघा. यापुढे कॅमेरा हीच वापरणार आहे.

मुलगी : असं काहीही ठरलेलं नाही! उस्ताद, यांचं ऐकू नका. पट्टा बाबांसाठीच हवाय.

बाबा : ठरलंय. माझ्या हातात पाण्याचा पेला धड राहत नाही. वाचनालयाच्या पायऱ्यांवर कॅमेरा सुटला आणि चार पायऱ्या गडगडत गेला. चाळीस वर्षं वर्तमानपत्रासाठी फोटो काढले, कधी खाली पडू दिला नव्हता. आता पुरे.

मुलगी : सहा महिने हेच चाललंय. कॅमेऱ्याचं नाव काढलं की यांना एकदम कुंड्यांना पाणी घालायचं आठवतं. तुम्ही चेपलेला कोपरा सरळ केलात, लेन्स बसवून दिलीत, तरी न्यायला येईनात. आज अक्षरशः ओढून आणलंय.

उस्ताद : एक सांगू, साहेब? दुरुस्तीला आला तेव्हा दोन दिवस मी हा उघडलाच नाही. नुसता बघत बसलो होतो.

बाबा : एवढं काय बघण्यासारखं होतं?

उस्ताद : हे. इथला काळा रंग उडून खालचं पितळ दिसतंय. अंगठ्याएवढंच. आजूबाजूला रंग जसाच्या तसा. म्हणजे चाळीस वर्षं अंगठा दर वेळी त्याच जागी टेकला, जवभर इकडेतिकडे नाही. मी आयुष्यभर लोकांचे कॅमेरे उघडतोय. एवढ्या शिस्तीचा हात बघितला नाही.

मुलगी : मी तेच तर सांगते! सभा-मोर्चाच्या गर्दीत बाकीचे फोटोग्राफर रोलच्या रोल संपवायचे आणि हे दोन फोटो काढून घरी. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर यांचाच फोटो.

बाबा : दोन नाही, तीन. एक खराब निघायचा, तो तुला दाखवत नव्हतो.

उस्ताद : जुना पट्टा आहे का? तो कुठं तुटला ते कळल्याशिवाय मी नवा देत नाही.

मुलगी : हा घ्या, टाकवतच नाही मला. बघा अजून कसा तुकतुकीत आहे! शाळेत असल्यापासून बाबांच्या दर वाढदिवसाला मी याला तेल चोळते.

उस्ताद : दर वर्षी? भरपूर?

मुलगी : मुरेल तेवढं.

(उस्ताद तुटक्या टोकाची चामड्याची घडी नखानं उघडतो. काळा भुगा टेबलावर पडतो.)

बाबा : हे काय?

उस्ताद : शिवण. म्हणजे, होती. चामड्याला तेल मानवतं, सुती धाग्याला नाही. त्यात गळ्याचा घाम. वरून तुकतुकीत आणि आतून पार कुजलेलं.

मुलगी : अरे देवा. म्हणजे मीच... बाबा, तुमचा कॅमेरा मी पाडला.

बाबा : वेडी आहेस का? तू जन्मात एवढ्या मायेनं दुसरं काही पुसलं नाहीस. पट्टा माझ्या गळ्यात असायचा, शिवण बघणं माझं काम होतं.

उस्ताद : तुम्ही दोघं नंतर निवांत भांडा. साहेब, त्या दिवशी पट्टा गळ्यात होता ना?

बाबा : होता.

उस्ताद : मग हात सुटल्यावर कॅमेरा पोटाशी लोंबकळायला हवा होता. पायरीवर गेलाच कसा?

बाबा : पण हात सुटला, हे तर खरं ना?

उस्ताद : खरंच आहे. हात सगळ्यांचा सुटतो. माझा सुटतो म्हणून तर टेबलावर ही जाड घोंगडी अंथरलीय. हात कधीतरी सुटणार, म्हणूनच पट्टा बांधायचा. तुमचा हात चाळीस वर्षांत एकदा चुकला. पट्ट्याला त्या एका क्षणापुरतंच काम होतं, तेवढं त्याच्याकडून झालं नाही.

मुलगी : ऐकताय ना, बाबा?

बाबा : हात गेलाय, कान शाबूत आहेत. सहा महिने मी या हाताचा राग राग करतोय. जेवतानाही त्याच्याकडे बघवत नाही.

उस्ताद : आता हा बघा. नवार, तीन बोटं रुंद, मानेला कापणार नाही. टोकांना चामडं, त्यात मेण लावलेला नायलॉनचा धागा. टाके माझ्या हातचे, एक तुटला तरी पुढचा उसवत नाही. पोलादी कड्या, कॅमेरा घासू नये म्हणून मागं चामड्याच्या चकत्या. हूक मी लावतच नाही, कधी उघडेल त्याचा नेम नाही. द्या हिसका. ओढू नका, हिसका द्या.

बाबा : वा! म्हैस बांधली तरी चालेल याला. उस्ताद, टाके काय घातलेत हो! मोजून घातल्यासारखे.

मुलगी : दिसायला मात्र अगदीच साधा आहे.

बाबा : फोटो काढणाऱ्याकडे कोण बघतंय? बांधा हाच. लांबी माझ्या पोटाच्या बेतानं ठेवा. आत रोल आहे?

उस्ताद : चाचणीचा आहे. पाच-सहा फोटो निघतील.

(उस्ताद पट्टा कॅमेऱ्याला बांधून सुईनं शेवटचा टाका घालतो. बाबा कॅमेरा गळ्यात अडकवतात.)

बाबा : मग जरा खिडकीकडे तोंड करा.

उस्ताद : माझा? अहो, दाढीसुद्धा केली नाहीये!

बाबा : हातातली सुई तशीच असू दे.

मुलगी : बाबा, खालून आधार देऊ का?

बाबा : नको. आधार गळ्यात आहे.

उस्ताद : हसू का, साहेब?

बाबा : खुशाल हसा. फक्त हलू नका. हलण्याचं काम मी करतोय.