परत भट्टीत

न्हाई न्हाई म्याडम, त्या पेटीकडं मंग जाऊ — ती कुठं पळून जायलीय का — आधी ही रेती बगा. हात लावा, गार हाय. काळी दिसायली ना? जळून काळी झाली. ह्या रेतीचा साचा करायचा, साच्यात पातळ लोखंड ओतायचं, गार झालं की साचा फोडायचा, आन् हीच रेती चाळून, पानी मारून उद्या पुन्यांदा साच्यात. लिहा की. मालकानं सकाळीच सांगितलं मला — मोहनराव मालक, तुमी हापिसात भेटलात ना, त्येच — म्हनले, रहमतुल्लाभाई, आपली पंपाची झाकनं घेनाऱ्या कंपनीची बाई येनार हाय पुन्याहून, आपन काय काय परत वापरतो ते सगळं दाखवा, त्यांना पटलं तर काई वाया न घालवनारा कारखाना म्हनून आपल्या गेटवर त्यांची हिरवी पाटी लागती. म्हनून आधी रेती. मंग लेथवरचा बुरादा, लोखंडाचा कीस — तो त्या पिंपात, तेल निथळायला ठिवलाय, निथळलेलं तेल परत मशिनीला, बुरादा परत भट्टीला. काय? जरा हिकडून बोला — डाव्या अंगानं न्हाई, हिकडं या, उजेडात तोंड करा. भट्टीची घरघर लई हाय, हितं मानसाचं मानसाला ऐकू येत न्हाई.

तर ही माझी जागा. एकतीस वर्सं झाली हितं बसायलो. काम म्हनलं तर लई सोपं, म्हनलं तर कुनाला जमत न्हाई. ह्या आकड्याला झाकन टांगायचं आन् ह्या हातोडीनं एक ठोका द्यायचा. सलग असलं तर वाजतं, लांबपतूर वाजत जातं. आत चीर असली तर थड् — तिथंच बसतं. वाजलं तर पुन्याला, न्हाई वाजलं तर ह्या पेटीत, पेटी भरली की भट्टीत. मालकाला एका मानसानं मशीन दाखवली होती ह्या कामाची, तर मालक म्हनले, आमच्याकडं रहमतुल्ला हाय. मी तिथंच उभा होतो. आमचे अब्बा धारूरला कल्हई करायचे, सायकलवर गावोगाव फिरायचे, भांडं हातात आलं की आधी बोटानं टिचकी मारून कानाशी धरायचे — चिरलेल्या भांड्याला कल्हई करून पैसे घेनं हराम म्हनायचे. त्यांच्या मागं कॅरिअरवर बसून बसून ते माझ्या कानात बसलं. आन् भांडं फेकू द्यायचे न्हाईत कुनाला, कितीबी फुटलेलं असू द्या, म्हनायचे ठिवा, वितळंल, परत भांडं होईल. लोखंडाचंबी तसंच, लोखंड वाया जातच न्हाई बगा, धा येळा वितळवा, लोखंडच ऱ्हातं. हे लिहिलं का? हे लिहा, चांगलं हाय हे.

कुठली रेघ? दाखवा — थांबा, चष्मा — हां. ही शंभरातली किती झाकनं परत वितळवली त्याची रेघ. सहा, सात, सहा — आन् हितून चढली — बावीस. मालक खूश होते ह्या आकड्यावर, म्हनले कंपनीला वाटंल बीडचा कारखाना लई परत वापरतो. तुमी इचारायलात दसऱ्यापासूनच कावून चढली. ओतकाम बिघडलं म्हनून, दुसरं काय. भट्टीवर अबरार होता, माझ्या बहिनीचा पोरगा — पोरगा म्हनजे बत्तीसचा हाय, दोन लेकरांचा बाप — मीच लावलं त्याला हितं, लोखंडाचा रंग बघून कधी ओतायचं ते मीच शिकवलं. चांगला होता, खोटं कशाला बोलू. पन माल थड् वाजायला लागल्यावर मी काय करू? भाचा हाय म्हनून चिरलेलं झाकन तुमाला धाडू? मालकानं दोनदा समज दिली, मंग जानेवारीत भट्टीवरून काढून हातगाड्यावर टाकलं त्याला. आता रेती वाहतो. माझ्याशी बोलत न्हाई, बहीनबी बोलत न्हाई, ईदला दरसाल शिरखुर्म्याचा डबा यायचा, औंदा आला न्हाई. जाऊ द्या. भट्टीवर आता लातूरचा मानूस हाय. — त्यो आल्यावर रेघ उतरली का? न्हाई, उतरली न्हाई, बावीसच्या बावीस हाय, तुमी बरूबर बगितलं. नवा मानूस हाय, हात बसायला येळ लागतो. तुमी चहा घेनार का?

काय म्हनलात? भट्टीच्या आवाजात काय कळंना — काय? बंद हाय? कधी बंद झाली? … जेवनाची सुट्टी. हां, कोनीच न्हाई की. मशिनीबी बंद हायेत सगळ्या. मंग तुमी मगापासून इतक्या ओरडून कावून बोलायलात? … मीच म्हनलो. आवाज हाय म्हनून मीच म्हनलो.

बसा. त्या पेटीवर बसा, फळी हाय वर. कुनाला सांगू नका — म्हनजे सांगा, तुमचं कामच हाय ते, पन आधी ऐकून घ्या. डावा कान गेला त्याला सात वर्सं झाली. उजवा हाय थोडा. धडधड ऐकू येती, ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, अजान येती भोंग्यावरची. बारीक, लांब जानारा आवाज असतो ना, तेवढा येत न्हाई. आन् झाकनाचा आवाज तोच असतो.

मंग सात वर्सं कसं चाललं? मंगलनं चालवलं. मंगल म्हनजे आष्टीकडची बाई, हितं माझ्यासमोर बसायची, झाकनं टांगायची आन् उतरवायची, तिचं काम तेवढंच. मी ठोकायचो, मान हलवायचो, ती उतरवून तुमच्या ढिगात ठिवायची. एक दिवस मी ठोकलं, चांगलं हाय म्हनून मान हलवली, आन् तिनं उतरवलंच न्हाई. तसंच टांगून ठिवलं आन् खाली बघत बसली. मी परत ठोकलं. तरी हात लावला न्हाई तिनं. मंग मीच काढून पेटीत टाकलं. झालं — त्या दिसापासून तसंच. ती उतरवंल ते पुन्याला, ती हात लावनार न्हाई ते भट्टीला. एका शब्दानं बोललो न्हाई आमी ह्यावर, ती न्हाई का मी न्हाई. लोकं म्हनायची, रहमतुल्लाचा कान म्हनजे कान, आन् ती तिथंच बसलेली असायची, पदरानं घाम पुसत. लाज वाटायची मला. लई लाज वाटायची — पन मान मीच हलवायचो.

औंदा दसऱ्याला ती ऊसतोडीला गेली. तिचा पोरगा आन् सून जातेत दरसाल, औंदा सुनंला दिवस गेलेत, आन् कोयत्याला जोडी लागती, एकट्या गड्याला मुकादम घेत न्हाई — म्हनून सुनंच्या जागी ही गेली. जाताना म्हनली, भाई, माझ्या जागंवर माझ्या जावंला बसवा, ती हुशार हाय. मी नको म्हनलो. मालकानं दोन बाया पाठवल्या, त्याबी माघारी लावल्या, म्हनलं काम एकट्याचं हाय, उगं गर्दी कशाला. कावून? अहो, दोन दिसात कळलं असतं की त्यांना. मंगलनं झाकलं, दुसरीनं झाकलं असतं का? तर दसऱ्यापासून मीच टांगायलो, मीच ठोकायलो, मीच उतरवायलो. तुमच्या कागदानं बरूबर तीच जागा दाखवली बगा.

पन अंदाजानं न्हाई केलं मी, हे ऐका. हाताला कळतं. हातोडीच्या दांड्यातून थरथर येती बोटात, चिरलेल्या झाकनाची आखूड येती. आन् जिथं शंका आली तिथं पेटी. चिरलेलं झाकन गेलं आन् कुनाच्या हिरीवर फुटलं, मोटारीत पानी घुसलं, तारंला हात लागला त्याचा — ते कुनाच्या मानेवर? म्हनून शंकेचं सगळं पेटीत. चार जास्ती गेली असतील. गेली असतील, पन लोखंड काय वाया गेलं का, परत लोखंडच झालं की. — वीज? हो, दोनदा वितळवायचं म्हनजे वीज दोनदा. ते तुमी म्हनलात, मी त्याचा इचार केला न्हाई. तुमची पाटी मंग कशाची देनार, खरं हाय. पन अबरारचं म्हनाल तर — न्हाई, अबरारचं ओतकाम बिघडलंच होतं. सगळं काय माझ्या कानावर घालू नका. बिघडलं होतं. थोडं तरी बिघडलं असंल.

उठलात कावून? पेटीत काय बघायलात? ती आजची हाय, सकाळपासूनची, जेवन झालं की जाईल भट्टीत. चौदा का पंधरा असतील. … तुमाला ऐकू येतं ना चांगलं? वय काय तुमचं, तीस? बरं. मंग या. हितं बसा, मंगलच्या जागंवर. असं टांगा — ह्या भोकातून, हां. मी ठोकतो. वाजलं तर उतरवा आन् ह्या अंगाला ठिवा. न्हाई वाजलं तर हात लावू नका. तोंडानं काई सांगू नका, उगं कावरंबावरं व्हायला होतं मला.

हां. — उतरवलं? बरं. एखादं असतंच. दुसरं घ्या. — हेबी? थांबा, परत ठोकतो, नीट ऐका, शेवटाला बसतं का लांब जातं. जातं? बरं, ठिवा. तिसरं. — हं. हे घ्या, हे खडूच्या बारक्या खुनेचं, ह्याची मला खात्री हाय, सकाळी ह्याची थरथर बोटाला आखूड लागली होती, मी लातूरच्याला बोलवून दाखवलंबी, लई बोललो त्याला. ठोकू? — उतरवलं तुमी. पाच. सहा. तुमी मला बरं वाटावं म्हनून तर उतरवत न्हाई ना? न्हाई, रागाला येऊ नका, पन मला बरं वाटायचं असंल तर उतरवू नका, एखादं तसंच ऱ्हाऊ द्या. सात. आठ. — ह्याला हात लावला न्हाई. न्हाई ना? थड् वाजलं ना हे? म्हनलं न्हाई मी — आना, बघू हिकडं. … हां. ह्याची चीर तर वरूनच दिसायली. हे लेकरूबी सांगंल. ठिवा. नऊ. धा. अकरा. बारा. तेरा. हे शेवटचं, चौदावं. — उतरवा, उतरवा. दिसलं मला.

तेरा चांगली. चौदातली तेरा. माझ्या हाताला कळतं म्हनून सांगायलो होतो तुमाला आत्ता.

ही तर लातूरच्याची हायेत. दसऱ्यापासून जानेवारीपतूर ह्या पेटीत जे पडलं ते अबरारचं होतं, आन् ते आता दाखवताबी येत न्हाई कुनाला — वितळलं ते. हीच एक खोड हाय भट्टीची, आधी काय होतं ते मागं ठिवत न्हाई. त्यानं चांगलं ओतायचं, मी पेटीत टाकायचं, आन् संध्याकाळी त्याच्याच हातानं भट्टीत घालायला लावायचं. मान खाली घालून घालायचा बिचारा. त्याला वाटायला लागलं होतं आपल्यालाच रंग दिसंना लोखंडाचा, डोळे दाखवून आला होता दवाखान्यात. आन् एकदा — हे कुनाला म्हनलो न्हाई मी — एकदा हितं येऊन बसला, जिथं तुमी बसलात ना तिथंच, आन् म्हनला, मामू, एक डाव दुसऱ्या कुनाला तरी ऐकवा. त्या दिवशी सगळ्या मशिनी चालू होत्या. तरी मला ऐकू आलं ते. शब्द न् शब्द ऐकू आला. आन् मी हातोडी चालू ठिवली, ऐकलंच न्हाई असं केलं. भयरा हाय म्हनून न्हाई, म्याडम. कळलं का? तेवढ्या एका वक्ताला मी भयरा नव्हतो.

न्हाई, पानी नको. तुमी काय लिहायचं ते लिहा, पाटी द्या न्हाई तर देऊ नका, ते मालक आन् तुमी. मालकाकडं मी जातो, माझ्या पायानं जातो. ही तेरा झाकनं तेवढी हितं असू द्या, जाताना लातूरचा दिसला तर त्यालाबी सांगा, हात लावू नको म्हनून. पन आधी अबरार. तो भाईर हातगाड्याच्या सावलीला जेवत असंल — तुमी सांगता का त्याला, तुमी शिकलेल्या हाव, नीट समजावून — न्हाई. तुमी कावून सांगाल. मलाच सांगावं लागंल. तो काय म्हनंल ते मला ऐकू येतं का न्हाई खुदाला मालूम, पन तो बोलून होईपतूर उभा ऱ्हाईन मी. हातोडी कुठं — ऱ्हाऊ द्या, हातोडी कशाला लागती. तुमी जावा आता, बेटी. सुट्टी संपायच्या आत जावा.