दारातला प्लग

निपाणी स्टँडवर चिकोडीच्या गाडीची वाट बघत दोघी माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"राजश्री, तुझा कागलचा भाऊ हल्ली दिसंना झालाय."

"धनपालनं बॅटरीची गाडी घेतलीया. आता हिकडं कशाला येतोय?"

"व्हय गं, आपल्याकडं कर्नाटकात पेट्रोल स्वस्त म्हणून दर रविवारी यायचा."

"टाकी भरून माझ्याकडं जेवायचा. बहिणीला भेटायला आलो, असं कधी म्हणला न्हाय. पेट्रोलला आलतो, म्हणायचा."

"मग बोलवून घे की."

"उगंच कसं बोलवू? काल दारात प्लग बसवून घेतला. त्याला म्हणलं, आमच्या सरकारनं लाईट फुकट केलीया, हितंच चार्जिंग करत जा."

"काय म्हणला?"

"बघतो म्हणला. किती वेळ लागतोय गं चार्जिंगला?"

"चार तास तरी."

"चार तास? मग जेवून जरा आडवापण होईल."