ज्याची त्याची फाइल

२०१४ साली डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या मास्तरीणबाईंच्या कानावर शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं पडलं.

"आला का गं फोन?"

"नाही ना, आई. एका दुकानाच्या सर्व्हरने नोंदी लिहून लिहून जागा संपवली. आमच्या कंपनीच्या त्याच यंत्रावर रक्तपेढीचाही सर्व्हर आहे. तो तगलाय का, तेच ऑफिसातले बघतायत."

"तुझे साहेब म्हणत होते तशी सगळ्यांना मिळून एकच डिस्क द्यायची होतीस."

"वेग वाढला असता, जागाही वाचली असती. पण मी प्रत्येक सर्व्हरला डिस्क म्हणून मर्यादा आखलेली वेगळी फाइल दिली. ती थोडी संथ चालते, आणि आतलं पुसलं तरी आपणहून आकसत नाही."

"तुझ्या कपाटासारखी! मग एवढी भांडलीस कशाला?"

"एकाने हातपाय पसरले तर ते दुसऱ्याच्या ताटात जाऊ नयेत म्हणून. थांबा, आला फोन. हॅलो? फक्त दुकान बंद? नक्की?"

बाईंचा नंबर पुकारला गेला, पण त्या उठल्या नाहीत.

"अगं, बोल की!"

"रक्तपेढी चालू आहे, आई."

"वाघीण आहेस गं!"

पुढे बाई आणि सासूबाई, दोघी म्हाताऱ्यांची मैत्री जमली. साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत सून बसली. सासूबाई आता नाहीत, होत्या तोवर भेटेल त्याला सांगायच्या, "रक्तपेढी आमच्या सुनेने राखली, बरं का."