दहापैकी दोन

आई : ते सगळं कळलं. आता एवढंच सांग, तुला त्यात मिळणार काय होतं?

मुलगा : काही मिळणार नव्हतं.

आई : असं कसं? अख्खा जन्म दुकानाच्या गल्ल्यावर काढला मी. फायद्याशिवाय माणूस शिंकतसुद्धा नाही. पगार वाढणार होता?

मुलगा : नाही.

आई : खुर्ची?

मुलगा : नाही गं. खुर्ची मिळालीच असती तर तिला. वर्षाच्या आढाव्यात ज्या खात्याला सगळ्यांत जास्त गुण, त्याचा प्रमुख वर्षभर उपमुख्याधिकारी. नगरपालिकेच्या नव्या साहेबांचा नियम.

आई : आणि गुण द्यायचे कोणी? शहरातल्या लोकांनी ना?

मुलगा : लोकांनी द्यायचे तेव्हा दरवर्षी तेच तीन पेन्शनर यायचे, आणि त्यातला एक झोपायचा. म्हणून यंदा साहेबांनी ठरवलं, खातेप्रमुखांनीच एकमेकांना द्यायचे. पाणी, दिवे, रस्ते, बागा, सफाई. प्रत्येकानं बाकीच्या चौघांना, दहापैकी. चिठ्ठीवर लिहायचं, आपलं नाव घालायचं नाही.

आई : म्हणजे चोरांनीच चोरांना जामीन राहायचं. बरं. मग पाण्याच्या साहेबांनी, म्हणजे तू, दिव्यांच्या बाईंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, दहापैकी दोन दिले.

मुलगा : हळू बोल.

आई : ती अजून आलेली नाही. दोनच का? शून्याला हात आखडला?

मुलगा : शून्य दिलं असतं तर कोणीतरी मुद्दाम केलं असं वाटलं असतं.

आई : वा. आणि दोन म्हणजे अपघात!

मुलगा : आई, मला वाटलं, बाकीचे तिघं तिला डोक्यावर घेतील. ती जिंकणारच होती. फक्त एवढ्या दणक्यात जिंकू नये, इतकंच.

आई : दूध उतू जाऊ नये म्हणून पातेलंच पालथं घातलंस.

मुलगा : तुला नाही कळायचं. भल्या पहाटे उठून मी व्हॉल्व्ह उघडायला जातो. नळाला पाणी आलं तर कोणी कधी नळाला हात जोडतं? नाही आलं की मग साहेब आठवतो, आणि साहेबाची आईपण आठवते. माझं सगळं काम जमिनीखाली. तिचं खांबावर! बाजारात नवे दिवे लावले तर लोक फोटो काढायला लागले. दिव्यांचे! मागच्या आठवड्यात न्हावी विचारतो, "तुम्ही दिवेबाईंचे मिस्टर ना?" गळ्याशी वस्तरा. काय सांगणार? म्हटलं, हो.

आई : खोटं कुठे बोलला तो?

मुलगा : तू तरी काय वेगळी आहेस? परवा शेजारणीला सांगत होतीस, "आमच्या सुनेनं सगळी गल्ली उजळली." त्याच शेजारणीच्या टाकीत पाणी कोण चढवतं?

आई : अच्छा. म्हणजे बिलात माझंही नाव आहे.

मुलगा : घरात ती मला "अहो" म्हणते. उद्यापासून कचेरीत मी तिला "अहो मॅडम" म्हणायचं, रजेचा अर्ज तिच्यापुढे धरायचा, आणि तिनं विचारायचं, "कारण काय?"

आई : फिट्टंफाट झाली असती. मी पहिल्यांदा गल्ल्यावर बसले तेव्हा तुझे वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. मग गिऱ्हाईक वाढलं. त्यानंतर भाजीत मीठ कमी आहे असंसुद्धा कधी म्हणाले नाहीत. असो. निकाल काय लागला?

मुलगा : गेली. एका गुणानं. तिला तीस, खडीसाहेबाला एकतीस.

आई : खडीसाहेब म्हणजे तो रस्तेवाला? रस्ता खणतो आणि दरवेळी तुझा पाईप फोडतो, तो?

मुलगा : तोच.

आई : तो आता तुझा साहेब?

मुलगा : वर्षभर.

आई : मग रजेचा अर्ज...

मुलगा : आई, पुरे.

आई : नाही रे, हिशोब जुळतोय का ते बघते आहे. बायकोला मॅडम म्हणावं लागू नये म्हणून वैऱ्याला साहेब करून आलास. दोनाच्या जागी चार दिले असतेस तरी...

मुलगा : माहीत आहे. बेरीज मलाही येते.

आई : कोणाला कळलं तर नाही ना?

मुलगा : बागबाईंनी पाहिलं.

आई : कोण, बागखात्याची ती? हिची मैत्रीण?

मुलगा : माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मी लिहिलं, मान वर केली, तर त्यांची नजर माझ्या चिठ्ठीवर. त्यांनी स्वतःच्या चिठ्ठीची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आई : संपलं. रोज तिच्याच गाडीवर बसून येते ना ही? एव्हाना वाटेत सगळं ऐकून झालं असेल. तोंड धुऊन घे जरा, चोरासारखा दिसतोयस.

मुलगा : थांब. फाटक वाजलं.

(सून आत येते. चपला काढते आणि दाराजवळच्या स्टुलावर तशीच बसून राहते.)

सून : पाणी देता का कोणी?

मुलगा : मी आणतो.

आई : आण, आण. तुझंच खातं आहे. काय गं, एवढा उशीर? आणि गाडीचा आवाज नाही आला.

सून : चालत आले.

आई : कचेरीपासून? का, बागबाई कुठे गेली?

सून : तिचं नाव काढू नका, आई.

मुलगा : का? काय झालं?

सून : तुम्ही निकाल ऐकला आणि तडक निघालात. पुढचं तुम्हाला माहीत नाही. साहेबांनी माझे चार आकडे वाचले ना, नऊ, नऊ, दहा आणि दोन, तेव्हा मी आधी विचारलं, "साहेब, दहाला दोन तर नाही वाचलं?" म्हणाले, "नाही बाई, दोनच आहेत. चांगले ठसठशीत आहेत."

आई : मग?

सून : मग काय, चहा. सगळे खडीसाहेबांचं अभिनंदन करत होते आणि मी बिस्कीट हातात धरून मनात जुळवत होते. खडीसाहेबांनी तर आपली चिठ्ठी सगळ्यांना दाखवूनच टाकली होती. "बघा, बाईमाणसाला नऊ दिलेत!" दहा सफाईवाल्यांचे. पहाटे अंधारात झाडताना त्यांच्या खात्यातल्या बायका गाडीखाली येता येता वाचल्या होत्या, तिथं मी लगोलग खांब उभे केले. त्यांनी स्वतः मला येऊन सांगितलं, "बाई, अकरा असते तर अकरा दिले असते." मग राहिली कोण? ती. आणि राहिलात तुम्ही.

आई : हं.

सून : तुमचा तर प्रश्नच नाही.

आई : छे. तो कसा असेल?

मुलगा : पाणी घे.

सून : आणि तिच्याकडे कारण होतं. दिव्यांसाठी बागेसमोरच्या फांद्या छाटल्या मी. तेव्हा भर बैठकीत म्हणाली होती, "तुझा उजेड माझ्या झाडांच्या जिवावर." मला वाटलं, बोलली, मोकळी झाली. पोटात ठेवलं होतं तिनं. म्हणून मग मीही बोलले.

आई : काय बोललीस?

सून : सगळ्यांसमोर बोलले.

आई : अगं पण काय?

सून : म्हटलं, जळायचं तर तोंडावर जळ, चिठ्ठीआड लपून नको. म्हटलं, तुला ना नवरा, ना मूल, म्हणून दुसऱ्याचं चांगलं झालेलं तुला बघवत नाही.

आई : अगं अगं!

सून : गेलं तोंडातून.

मुलगा : आणि त्या काय म्हणाल्या?

सून : काही नाही. कप खाली ठेवला, पर्स उचलली, गेली. खरं नसतं तर बोलली नसती? एरवी पानाला कीड लागली तरी तासभर बोलते. ती गप्प राहिली, तिथंच मला कळलं.

आई : गप्प राहायची कारणं पुष्कळ असतात, बाई.

सून : कोणती?

आई : मला काय विचारतेस? मी कुठे होते बैठकीत? होता तो हा समोर उभा आहे.

सून : अहो, बसा ना. मलाही तुम्हाला एक सांगायचं आहे. रागवू नका.

मुलगा : काय?

सून : मी तुम्हाला नऊ दिले.

मुलगा : नऊ?

सून : दहाच द्यायचे होते. तुमच्याइतकं तिथं कोणी राबत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तुम्ही पहाटे अंधारात चाचपडत शर्ट शोधता ना, तेव्हा मी जागीच असते. माझी झोप मोडली म्हणून तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून डोळे मिटून पडते. दहाच लिहिणार होते. पण पेन टेकवलं आणि मनात आलं, घरचं माणूस, लोक म्हणतील दोघांनी वाटून खाल्लं. म्हणून एक कापला. चालत येताना सारखं तेच टोचत होतं. तिला एवढं बोलले, आणि मी तरी काय केलं? भीतीपोटी नवऱ्याचा एक गुण खाल्ला. माफ करा हो.

आई : कर रे माफ. मोठ्या मनानं कर.

मुलगा : आई!

आई : अरे, एक अख्खा गुण आहे.

सून : चेष्टा नका करू, आई. खरंच वाईट वाटतंय मला.

आई : चेष्टा नाही करत मी.

सून : आणि तुमचाही आकडा कळलाच मला. दहा सफाईवाल्यांचे, एक नऊ खडीसाहेबांचे, म्हणजे दुसरे नऊ तुमचे. तुम्हीही एकच राखलात. दोघंही सारखेच भित्रे आपण.

आई : आता बोल.

सून : कोणाला म्हणताय?

मुलगा : त्या नव्हत्या.

सून : कोण?

मुलगा : बागबाई. दुसरे नऊ त्यांचे होते.

सून : तिनं तुम्हाला सांगितलं?

मुलगा : नाही.

सून : मग तुम्हाला कसं...

आई : मी जरा गॅस बघून येते.

सून : थांबा, आई. तुम्हाला माहीत होतं?

आई : तू यायच्या जरा आधी कळलं. मुलगा माझा आहे, पोटात फार वेळ राहत नाही त्याच्या.

सून : तुम्ही? तुम्ही दिले दोन?

मुलगा : मला वाटलं, तू तरीही जिंकशीलच.

सून : ते नाही विचारलं मी. का दिलेत?

मुलगा : काय सांगू? संध्याकाळी तुझे दिवे एकदम लागतात. सगळ्या रस्त्यावरची माणसं एक क्षण मान वर करतात. मीही करतो. आणि मला राग येतो. तुझा नाही, तसा. पण येतो. रोज येतो.

सून : मला कधी बोलला नाहीत.

मुलगा : काय बोलणार? बायकोचा हेवा वाटतो म्हणून? कोणत्या तोंडानं?

सून : तिला माहीत होतं?

मुलगा : माझ्या शेजारीच होत्या. चिठ्ठी पाहिली त्यांनी.

सून : म्हणजे मी तिला ते सगळं बोलत होते, नवरा नाही, मूल नाही, ते... तेव्हा तिला माहीत होतं, की दोन तुमचे आहेत.

मुलगा : हो.

सून : माझा फोन कुठे आहे?

मुलगा : मी करतो. मी सांगतो त्यांना, चूक माझी...

सून : तुम्ही नाही. तुमचं-माझं आपण नंतर बघू, त्याला अख्खं आयुष्य पडलंय. फोन द्या.

आई : आधी चार घास खाऊन घे. रिकाम्या पोटी माणूस नको ते बोलतो.

सून : ते दुपारीच बोलून झालं, आई. हॅलो? मी आहे. ठेवू नकोस. ठेवू नकोस गं. कळलं मला. हो, त्यांनीच सांगितलं. आत्ता. अगं, पण तू तिथं का नाही बोललीस? एक शब्द बोलली असतीस तर माझं तोंड बंद झालं असतं. सगळ्यांसमोर मी तुला... काय? नाही, ऐक ना. नाही गं, तसं नाही. मी येते आत्ता तिकडे. का नको? बरं. बरं. हॅलो? हॅलो?

मुलगा : ठेवला?

सून : ठेवला.

आई : माफ केलं का तिनं?

सून : विचारूच दिलं नाही.

मुलगा : मला... माझ्याबद्दल काही म्हणाल्या?

सून : तुमच्यावर ती रागावली असती तर बरं झालं असतं. वर्षभर खडीसाहेबाखाली राबून तुम्ही फेडलं असतंत. माझी खुर्ची गेली, ती काय, पुढच्या वर्षी येईल नाहीतर नाही येणार. आपल्या दोघांचं असं फिटेल. तिचं कसं फिटायचं?

आई : पण ती गप्प का राहिली, ते सांगितलं की नाही?

सून : सांगितलं. म्हणाली, "माझं काय गं, मी एकटीच जेवते. तुला आज त्याच्यासमोर बसून जेवायचं होतं."