ओट्याजवळचा नळ

आत्या : …तुझ्या आईबाबांचं लग्न झालं, त्याच वर्षी घेतलं हे घर. लग्नघरातून तसेच उठून इथे आलो होतो, तुझे काका आणि मी, किल्ली घ्यायला. आणि भिंतीकडे नुसता बघत काय उभा राहिलास, ठोंब्या? रंग कुणीही मारतो. हात लावून बघ. ती नाही, ही. न्हाणीघराच्या मागची.

भाचा : गार लागतेय.

आत्या : गार असू दे. ओल आहे का?

भाचा : नाही.

आत्या : ज्या घराला बयाणा दिलात, तिथल्या भिंतीला असा हात लावला होतास?

भाचा : तिथे एजंट सारखा बोलत होता. बाल्कनीतले दिवे दाखवत होता.

आत्या : म्हणजे शिंगांचा रंग बघून बैल घेतलास. बाकीचे पैसे मोजायच्या आधी पुन्हा जा. सकाळी जा, सगळी इमारत आंघोळीला उठते तेव्हा. तेव्हा नळाला जी धार येईल, ती खरी.

भाचा : पाण्याचा प्रश्नच नाही म्हणाला तो.

आत्या : तो काय तिथे आंघोळ करणार आहे? खालच्या दुकानदाराला विचार. तो दिवसभर तिथेच बसलेला असतो. त्या इमारतीत कोण टिकतं, कोण पळतं आणि का पळतं, सगळं त्याला ठाऊक.

भाचा : भाडेकरू तर आधीच मिळालाय. औषधाच्या दुकानात आहे, घरात तिघंच. किल्ली मिळाली की दुसऱ्या दिवशी सामान आणतो म्हणाला. वर्षाचं भाडं धरलं तर हप्त्यात आमची थोडीशीच भर.

आत्या : वर्षाचं धरू नकोस. एक महिना रिकामा जाणार असं धरून चाल, आणि एक महिन्याचं भाडं मोडतोडीला बाजूला ठेव. मग बघ भर थोडीशी राहते का. आणि अनामत घेशील ती त्याची, आपल्याकडे राखायला दिलेली. त्यातून फ्रिज आणायचा नाही.

भाचा : फ्रिज नाही. सोफा म्हणत होतो.

आत्या : आणि जाताना त्याला काय देशील, सोफ्याची उशी?

(सून, म्हणजे भाच्याची बायको, स्वयंपाकघरातून येते. हातात मोजपट्टी.)

सून : आत्या, इथली खिडकी आमच्या तिथल्या खिडकीएवढीच आहे. शेजारी त्या नव्या बाई आल्यात ना, त्या दारातून विचारत होत्या, नवा भाडेकरू कोण येतोय म्हणून. मी म्हटलं, आत्यांना विचारून सांगते.

आत्या : जरा थांबू दे तिला. तू खिडकी कशाला मोजलीस?

सून : सहज. पडद्यासाठी.

आत्या : भाडेकरू आपले पडदे आपण आणतो गं.

सून : हो. माहीत आहे.

भाचा : कुठले पडदे?

सून : कापड घेऊन ठेवलंय थोडं. स्वस्तात मिळत होतं.

भाचा : कधी?

सून : बयाणा दिला ना, त्या दिवशी येताना. कपाटात आहे, खालच्या कप्प्यात.

भाचा : आपलं ठरलंय ना? एक वर्ष भाड्याने द्यायचं, मग आपण राहायला जायचं.

सून : ठरलंय. मी काही म्हटलंय का?

आत्या : ती नाही म्हणाली काही. कापड म्हणालं.

भाचा : आत्या, आता तू हिची बाजू घेऊ नकोस. रिकामं घर म्हणजे ऐतखाऊ पाहुणा, हे मला कुणी शिकवलं? आणि मग तुझं काय चाललंय? टेलर हे घर सोडून गेला त्याला किती महिने झाले. मी माणसं पाठवतोय आणि तू परत पाठवतेस. एकाला म्हणालीस, उंच आहेस, चौकटीला डोकं लागेल.

आत्या : लागलंच असतं.

भाचा : दुसऱ्याला म्हणालीस, फार मोठ्याने बोलतोस. तिसरा तर मला विचारत होता, तुमच्या आत्याला घर द्यायचंय की जावई शोधायचाय?

आत्या : तो नळ सोड, ओट्याजवळचा. हं. आता बंद कर. गळतो का?

भाचा : नाही. एक थेंब नाही. पण काका तर याच नळासाठी इथे यायचे ना? दर महिन्याला?

आत्या : दर महिन्याला. ज्या माणसाने निम्म्या शहराचे नळ बसवले, कुठून दुसऱ्यांदा बोलावणं आलं नाही, त्याला स्वतःच्या घरातला एक नळ जमेना. मी काय काय बोलले त्यांना. वायसर झिजलाय, म्हणायचे, पुन्हा जावं लागेल. मी म्हणायची, अहो, मालकाने भाडेकरूच्या दारात सारखं उभं राहू नये. भाडं देतो तोवर घर त्याचं. हे तूही लक्षात ठेव, ठोंब्या, कामाशिवाय जायचं नाही.

सून : मग नळ कुणी नीट केला?

आत्या : तेच सांगते. टेलरची बायको किल्ली द्यायला आली, तेव्हा मी तिला म्हटलं, बाई, त्या नळाचा तुम्हाला फार त्रास झाला. तर ती म्हणाली, कुठला नळ?

सून : म्हणजे?

आत्या : म्हणजे गळत नव्हताच. हे यायचे, पिशवीतून पाना काढायचे, नळ खोलायचे, तसाच परत बसवायचे. मग त्या खिडकीच्या कट्ट्यावर बसायचे. ती चहा द्यायची. समोर शाळेचं मैदान आहे, पोरं खेळतात. ओट्यावरचं ऊन खाली फरशीवर उतरेपर्यंत बसायचे, आणि निघताना म्हणायचे, वायसर झिजलाय. टेलरने बायकोला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, आपण काही बोलायचं नाही. त्यांना घरात बसावंसं वाटतं, बसू दे.

भाचा : मग राहायलाच का नाही आलात?

आत्या : तुमचं ठरलंय ना, तेच आमचं ठरलं होतं. किल्ली घेतली त्या दिवशी हे त्या कट्ट्यावर बसले. म्हणाले, मी इथे म्हातारा होणार. आणि घरी जाऊन आम्ही हिशेब मांडला. राहत होतो तिथलं भाडं कमी, या घराचं जास्त येणार. म्हटलं, एक वर्ष. हप्ते फिटले तर पोरीचं शिक्षण. ते झालं तर माझा गुडघा. मग टेलरच्या मुलाची परीक्षा आली, आता कुठे त्यांना उठवायचं? त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं रे. खोटं असतं तर केव्हाच आलो असतो.

सून : तुम्हाला नाही वाटायचं, यावंसं?

आत्या : मी पायच ठेवत नव्हते इथे. भाडं आणायलाही त्यांनाच पाठवायची. एकदा आले असते तर परत जाववलं नसतं.

भाचा : म्हणजे आम्ही भाड्याने देऊ नये, असंच ना?

आत्या : असं कुठे म्हणाले? द्या. हप्ता काय माझी गोष्ट ऐकून थांबणार आहे? पण त्या औषधवाल्याशी करार करशील, त्यात काय लिहिशील?

भाचा : भाडं, अनामत. कधीपासून कधीपर्यंत.

आत्या : कधीपर्यंत. बघ. तो परका माणूस, त्यालाही तारीख देतोस. आम्ही सगळ्या भाडेकरूंशी नेमाने करार केले. एकमेकांशी करायचा तेवढा राहून गेला. एक वर्ष, एक वर्ष म्हणू नकोस हिला. तारीख सांग.

भाचा : आपल्या छकुलीची शाळा सुरू व्हायच्या आधी. शाळेला ती तिथूनच जाईल.

सून : नक्की?

भाचा : त्या माणसालाही तसंच लिहून देतो. पुढे वाढवून मिळणार नाही म्हणून.

सून : मग मी पडदे शिवून ठेवते.

आत्या : आत्ताच कात्री लावू नकोस. तिथल्या खिडकीला पट्टी लावून बघ आधी. नजरेने सगळ्या खिडक्या सारख्याच दिसतात.

भाचा : आणि या घराचं काय? अजून एक माणूस आहे माझ्याकडे. बुटका आहे, आणि हळू बोलतो.

आत्या : नको पाठवूस. माझी गादी तेवढी आणून दे उद्या. आणि चहाचं पातेलं.

सून : आत्या, त्या बाई अजून दारातच उभ्या आहेत. कोण येतंय म्हणून सांगू?

आत्या : सांग, मालकीण येतेय. मालक कुठे म्हणून विचारलं, तर तेही सांग. गेल्या वर्षी गेले. तुमची छकुली चालायला लागली त्याच महिन्यात, मंगळवारी दुपारी. मागच्या गल्लीत, भाड्याच्या घरात.