रिकाम्या गावातला कॅमेरा

(गावाच्या वेशीबाहेर, सड्यावर माडाच्या चुडतांनी शाकारलेली खोप. गांवपळणीचा दुसरा दिवस. दुपारची जेवणं उरकलेली.)

गुणाजी : थांबव. थयच थांबव. आता मागे घे. हां. आता सांग, हद्दीच्या गडग्यावरसून आपल्या खळ्यात उडी मारता तो कोण?

संचिता : बाबा, चौथ्यांदा बघतोय आपण. बाबलीकाकाच आहेत.

गुणाजी : काका म्हणा नको. अकरा वर्सां मी तेच्याकडे बोलणंय नाय. सख्खो भाव म्हणान आडनाव एक, तितक्याच.

सत्यवती : जेवलास मां? मगे घटकाभर पडा. छातीत स्प्रिंग घातली तेका अजून वर्स नाय झाला.

गुणाजी : घातली म्हणान डॉक्टर सांगता. आत बघूक कोण गेलेलो?

संचिता : एक्स-रेमध्ये दिसली ना, बाबा.

गुणाजी : एक्स-रे कोणाचो? तेंचोच.

संचिता : मग ह्या कॅमेऱ्यावर बरा विश्वास बसला तुमचा.

गुणाजी : ह्यो माझो आसा. तुझ्या घोवान, आमच्या दत्तून, मस्कतसून पैसे धाडल्यान, मी मालवणच्या बाजारातसून आणलंय आणि माझ्या हातान पडवीच्या खांबाक बांधलंय. सिमकार्ड घातलेला आसा, उन्हार चलता. घरातली लाईट बंद केली तरी तो बघत रवता.

सत्यवती : देवाक कौल लावलो, नगारो वाजलो, सगळो गाव बाहेर पडलो. गुरां आणली, कुत्री आणली. आणि तुमी खांबाक डोळो बांधून इलास. ही पळण झाली?

गुणाजी : डोळ्याक पाय नसतत. नियम माणसाक आसा.

संचिता : मला तर लग्न ठरताना कोणी सांगितलंच नव्हतं. दर चार वर्षांनी अख्खं गाव तीन दिवस रिकामं करून सगळे वेशीबाहेर राहायला येतात, हे पुण्यात मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

सत्यवती : गमता मां तुका हय?

संचिता : गमतं की. पटत नाही, पण गमतं.

गुणाजी : कालच्या त्या प्राध्यापकाकय असाच गमला. वही घेवन खोपीखोपीन फिरत होतो. म्हणता, ह्या विज्ञान आसा. गावात तीन दिवस चूल पेटणा नाय, मगे हवा शुद्ध होता, जमनीक इस्वाटो मिळता. मी इचारलंय, आमच्या तीनशे चुली हय सड्यार पेटल्यात तेंचो धूर खंय जाता? वही मिटल्यान आणि फुडल्या खोपीत गेलो.

संचिता : तो बिचारा कौतुकच करत होता.

गुणाजी : कौतुक करता तो कायतरी न्हेवक येता. तेच्यामागसून तो उमेदवार इलो. पाण्याच्या टँकराक हात लावून फोटो काढल्यान. टँकर आपल्या पंचायतीचो, पाणी आपल्या व्हाळाचा, हात तेवढो तेचो.

संचिता : विज्ञान पटत नाही, पुढारी पटत नाहीत. मग देव तरी पटतो का तुम्हाला?

गुणाजी : देवाचा माका काय म्हायत नाय. माणसांचा म्हायत आसा. हय तीनशे घरां इल्यात, तेतली अर्धी देवाक भियान इली, अर्धी शेजाऱ्याक. मी दुसऱ्यांतलो. आणि गाव रिकामो म्हटल्यार काय होता ता ह्या बघ, मोबाईलात. चलव आता फुडे.

संचिता : चालू आहे. काका खळ्यातून घराच्या मागे गेले. आता काहीच दिसत नाही.

गुणाजी : मागे न्हाणी आसा, मागीलदार आसा. आत कपाट. कपाटात जमनीची फाईल.

सत्यवती : मागीलदाराची कडी आतसून लावलेली आसा. मीच लावलंय.

गुणाजी : कडी काढूची कशी ता तेका लहानपणापासून म्हायत आसा. तेच घरात वाढलो तो. बघ, इलो! बगलेत काय आसा? पंचात गुंडाळललो.

संचिता : काहीतरी गोल वाटतंय. फाईल गोल नसते, बाबा.

गुणाजी : गुंडाळली की गोल होता.

संचिता : पण पुढे बघा ना. काका कॅमेऱ्यापाशी येतात, पडवीच्या कठड्यावर चढून हात वर करतात आणि मग…

गुणाजी : मगे काळोख! हात लावल्यान कॅमेऱ्याक. पुरावो नको म्हणान.

संचिता : काळोख दोनच सेकंद आहे. नीट बघा. काका यायच्या आधी अर्ध्या चित्रात कौलांचे वासेच दिसत होते, वाऱ्याने कॅमेरा जरा वर फिरला असणार. ते गेल्यावर परत पूर्ण खळं दिसायला लागलं. त्यांनी कॅमेरा सरळ केला, बाबा. चोर कॅमेरा सरळ करून जातो का?

गुणाजी : तोच तर डाव. उद्या म्हणतलो, माका चोरी करूची असती तर मी कॅमेरो सरळ केलो असतो काय?

सत्यवती : शाबास.

गुणाजी : शाबास काय? गडगो हातभर आमच्यात सरकवल्यान तेव्हाय असोच साळसूद होतो.

संचिता : पण ती मोजणी झाली ना? ड्रोन आला होता, गडगा जिथे होता तिथेच आहे म्हणून नकाशा निघाला, असं दत्तू म्हणाला.

गुणाजी : ड्रोन वर होतो. ड्रोनवालो खाली होतो. आणि दुपारी तो बाबलीकडे सुंगटाची आमटी जेवलो. मगे नकाशो कसो येतलो?

सत्यवती : तो आपल्याकडेच जेवतलो होतो. तुमी तेका ओळखपत्र दाखव म्हटलास, म्हणान तो थंय गेलो.

गुणाजी : ता जावंदे. संचिता, ह्यो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाक.

संचिता : कशाला, बाबा?

गुणाजी : पळण चालू असताना गावात पाय ठेवल्यान. परवा गाव भरलो की देवळात मानकऱ्यांसमोर उभो रवांदे आणि सगळ्यांदेखत सांगांदे, काय न्हेल्यान ता.

सत्यवती : आठ दिवसांनी समीक्षाचो साखरपुडो आसा.

संचिता : समीक्षा म्हणजे काकांची मुलगी ना?

सत्यवती : व्हय. पोरगो मानकऱ्यांच्याच घरातलो. बापाशीन पळण मोडल्यान म्हणान कळला तर ती माणसां उंबऱ्यार येवची नाय. पोरीचा वाटोळा होयत.

गुणाजी : ता तेणा उडी मारूच्या आधी बघूक होया होता.

सत्यवती : आणि व्हिडिओ खोटो असलो तर? तुमीच सांगतास, आजकाल मोबाईलवर मेलेलो माणूस भाषण करता, कोणाचा तोंड कोणाकय लावतत. निवडणुकीत सगळे व्हिडिओ तुमका खोटे दिसले. ह्यो एकच बरो खरो दिसलो?

गुणाजी : ह्या तोंड माका म्हायत आसा.

संचिता : मी नाही टाकणार, बाबा. मला हे बरोबर वाटत नाही.

गुणाजी : आण माझो मोबाईल हय. माका येता. असो दाबून धरूचो, मगे ह्यो बाण… आणि ह्यो ग्रुप. झाला.

संचिता : घड्याळ दिसतंय. गेला नाही अजून. इथे रेंज नाही, मघाशी त्या खडकावर चढले तेव्हा कुठे व्हिडिओ उतरला.

गुणाजी : जायत. वारो फिरलो की जायत.

सत्यवती : गेलो नाय मां अजून?

संचिता : नाही, आई.

सत्यवती : मगे ऐका. ती तांबडी कोंबडी खुडूक बसलेली, आठवता?

गुणाजी : कोंबडेचा काय आता मधीच?

सत्यवती : न्हाणीच्या मागे टोपलीखाली बसवलेलंय. वर दगड ठेवलेलो, मुंगूस येता म्हणान. निघताना मी तुमका सांगलंय, तेवढी टोपली टेंपोत ठेवा. तुमी व्हय व्हय म्हटलास आणि शिडी घेवन खांबार चढलास.

गुणाजी : कॅमेरो बांधूक.

सत्यवती : कॅमेरो बांधूक. हय इल्यावर मी भांडी मोजलंय, हातरुणां मोजलंय, कोंबडी खंय दिसणा नाय. एकोणीस दिवस बसललो जीव, खाली अकरा अंडी. तीन दिवस पाण्याबगर टोपलीखाली मेली असती.

गुणाजी : माका कित्याक सांगलंस नाय?

सत्यवती : सांगला असता तर काय म्हटला असतास?

गुणाजी : …म्हटला असता, एका कोंबडेसाठी नियम मोडूचो नाय. लोक बघतले.

सत्यवती : म्हणान मी बाबलीभावजींका सांगलंय. सकाळी पाण्याच्या हंड्याकडे भेटले. दुसऱ्यांदा सांगूक लागला नाय. नियमाचा मीच तेंका म्हटलंय, तर म्हणाले, वैनी, जीव अडकलो आसा, देव काय टोपलीवर दगड ठेवतलो नाय.

संचिता : म्हणजे पंचात गुंडाळलेली कोंबडी होती?

सत्यवती : कोंबडी आणि अंडी. माझ्या जावेच्या, शेवंतीच्या खोपीत आसत आता. अंडी मुळात तिचीच. तिनाच दिलेली माका.

गुणाजी : शेवंतीन? तू बोलतंस तेंच्याकडे?

सत्यवती : अकरा वर्सां बोलतंय. तुमी पडवीत बसतास, रस्त्याकडे तोंड करून, कोण इलो, कोण गेलो. आमी मागीलदारान बोलतंव. चतुर्थीचे मोदक थयसून जातत, थयसून येतत. हॉस्पिटलातसून इलास तेव्हा दोन महिने दूध पिलास, ता खंयचा वाटला?

गुणाजी : मी तेव्हाच म्हटलेलंय, ह्या डेअरीचा न्हय.

सत्यवती : व्हय. तेवढो एक संशय तुमचो खरो होतो.

गुणाजी : अकरा वर्सां माका काय दिसला नाय.

सत्यवती : बघलास खंय? कॅमेरोय तुमी पडवीकच बांधलास.

गुणाजी : …संचिता, ता पुस. तो व्हिडिओ. बेगीन.

संचिता : बाबा, टिक आली.

गुणाजी : म्हणजे?

संचिता : गेला. वारा फिरला वाटतं. थांबा, सगळ्यांसाठी पुसते… पुसला. पण तिथे लिहून येतं, की गुणाजी यांनी मेसेज काढून टाकला.

गुणाजी : कोणी बघलो?

संचिता : माहीत नाही. अर्धं मिनिट होता. बघितला नसेलही कोणी.

सत्यवती : नसलो बघलो तरी झाला काय? परवा ग्रामपंचायतीतल्या क्लार्क पूजान ग्रुपवरचो मेसेज पुसल्यान तेव्हा तुमीच सगळ्यांका सांगत फिरलास, पुसलो म्हणजे काळाबेरा आसा. आता सगळो गाव तसोच बघतलो.

संचिता : आलंच. शंकरकाकांनी विचारलंय, ‘गुणाजी, काय पुसलंस?’

गुणाजी : मानकरी शंकर?

संचिता : हो. आणि खाली प्रीतम नावाच्या कोणीतरी लिहिलंय, ‘मी बघितला, बाबली होता ना तो?’

सत्यवती : संपला. पोरीचा नशीब.

गुणाजी : गप रव गो. माका इचार करूक दी.

संचिता : आणखी दोघांनी लिहिलं, बाबलीकाका गावात काय करत होते म्हणून. काय लिहू, बाबा? काहीतरी लिहायला हवं. नाहीतर ते आपापलं ठरवतील.

गुणाजी : ठरवतले कसले, ठरवून मोकळे झाले असतीत. मी काय केला असता? ताच केला असता.

संचिता : मग?

गुणाजी : लिही. माझी कोंबडी टोपलीखाली रवलेली, चूक माझी. मीच बाबलीक पाठवलंय, माझ्या छातीत स्प्रिंग आसा म्हणान. कॅमेरोय मीच लावलेलो. देवळात उभो रवाचा तर मी रवतंय, तेका कोणी काय इचारू नये.

सत्यवती : स्प्रिंग आसा म्हणतास?

गुणाजी : आसा म्हणान लिही. लिवलंस?

संचिता : लिहिलं. पाठवू?

गुणाजी : धाड.

संचिता : गेलं… दोन टिका आल्या. शंकरकाका लिहितायत. ‘तुम्ही दोघं तर अकरा वर्षं बोलत नाही. मग पाठवलंस कसं?’

सत्यवती : घेवा आता.

गुणाजी : लिही, आमी मागीलदारान बोलतंव.

संचिता : बाबा, पण हे खरं नाहीये.

गुणाजी : असांदे. थंय कॅमेरो नाय.